सिनेमा काढला फाळक्यांनी, पण तो होता कुणाचा?

मागच्या सेमिस्टरला आम्ही पाच जणांनी प्रोजेक्टसाठी दादासाहेब फाळक्यांवर चार मिनिटांचा व्हिडिओ केला. त्र्यंबकच्या एसटीत खिडकीला मोबाइल लावून घेतलेले शॉट्स, पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक, मागे माझा व्हॉइसओव्हर आणि मधोमध ‘कालिया मर्दन’मधला पंचवीसेक सेकंदांचा तुकडा. रात्री अपलोड केला, सकाळी उठून बघतोय तर कॉपीराइट क्लेम! १९१९ चा मूकपट. काढणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झालेली. मग हक्क सांगायला आलं कोण?

ग्रुपवर अर्थातच राडा झाला. एक म्हणाला, तीस सेकंदांच्या आत असलं की चालतं. दुसरी म्हणाली, खाली ‘क्रेडिट टू ओनर’ लिहू या. तिसरा म्हणाला, जुनं ते सगळं फुकट असतं. आता कळतंय की तिघंही चुकत होते, आणि मीही. तो क्लेम नेमका कशावर होता ते शेवटी सांगतो. त्याचा माग काढता काढता मी फाळक्यांचं आख्खं आयुष्य पुन्हा वाचलं. शाळेच्या पुस्तकात ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ एवढ्या एका ओळीत ते संपतात. पण तुम्ही शॉर्टफिल्म करत असाल, रील्स टाकत असाल, किंवा कुणासाठी फुकटात एडिटिंग करून देत असाल, तर हे आयुष्य तुमच्या कामाचं आहे.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. पुढे ते मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायला गेले आणि कुटुंब मुंबईला आलं. पोरगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, मॉडेलिंग, जे दिसेल ते शिकायचं. आज आपल्या घरी म्हणतात ना, एक काही धड धर, तसं त्यांनाही कुणी तरी म्हणालंच असेल. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तर प्लेगची साथ आली आणि पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. तो गाशा गुंडाळला. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते केलेसुद्धा. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नी सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी. ती १९०६ मध्ये सोडली.

सोडून केलं काय, तर लोणावळ्याला छापखाना. तिथं जवळच राजा रविवर्म्यांचा छापखाना होता आणि त्यांच्या चित्रांच्या छपाईचं तांत्रिक काम फाळके करायचे. हा भाग चरित्रात सहसा दोन ओळींत उरकतात, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एका चित्रकाराने काढलेली लक्ष्मी किंवा सरस्वती. तिच्या हजारो प्रती निघतात, घराघरांत भिंतीवर लागतात. रविवर्म्यांचा तो छापखाना तोवर विकलाही गेला होता. म्हणजे काढतो एक, छापतो दुसरा आणि मालक तिसराच. फाळक्यांनी हे अगदी जवळून पाहिलं.

स्वतःच्या बाबतीतही तेच झालं. छापखाना दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असं नाव झालं, भांडवलवाला भागीदार आला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालायला लागला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके उठले आणि बाहेर पडले. हातात काही न घेता. वय चाळीस.

पुढची गोष्ट तुम्हाला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे माहीत असेल. १९११ चा एप्रिल, गिरगावातला तंबू, पडद्यावर ख्रिस्ताचं जीवन. ते बघताना फाळक्यांच्या डोक्यात कृष्ण दिसायला लागला, राम दिसायला लागला. दुसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊन गेले.

इथे जरा थांबा, कारण कायद्यातली सगळ्यात मूलभूत गोष्ट इथेच आहे. फाळक्यांनी त्या ख्रिस्तपटातून काय उचललं? देवाची गोष्ट हलत्या चित्रांत सांगता येते, ही कल्पना. फिल्मचा तुकडा उचलला नाही, सीन उचलले नाहीत. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती कल्पना कुणी ज्या रूपात मांडली, त्या रूपावर असतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने हे १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात अगदी स्पष्ट सांगितलंय. एका नाटककाराचं म्हणणं होतं की त्याच्या नाटकावरून सिनेमा चोरला. कोर्ट म्हणालं, विषय सारखा असेल, पण मांडणी वेगळी आहे. नाटककार हरला. तेव्हा ‘माझी आयडिया ढापली’ असं कॅन्टीनमध्ये ओरडायला हरकत नाही, कोर्टात मात्र ते टिकणं अवघड आहे.

आणि हाच नियम पुढे फाळक्यांवरही उलटला. ‘राजा हरिश्चंद्र’ गाजल्यावर १९१७ मध्ये कलकत्त्याच्या मादन यांच्या कंपनीने ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ काढला. १९३२ मध्ये प्रभातने तीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलपटात आणली. फाळके काय करणार होते? हरिश्चंद्र काही त्यांचा नव्हता. तो सगळ्यांचा होता, म्हणूनच तर त्यांना मिळाला.

पुन्हा १९११ कडे येऊ. रोज सिनेमे बघून आणि रात्र रात्र फिल्मच्या तुकड्यांशी झटून डोळे गेले. काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, तसे ते पुन्हा उद्योगाला लागले. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट धरली. तिथं ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाची ओळख काढली, त्याच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये घरी. एवढ्याशा दिवसांत. आम्हाला मास कॉमला कॅमेऱ्याचं एक्स्पोजर समजायला एक आख्खं सत्र लागलं होतं, म्हणून सांगतोय.

पैसे घालणाऱ्याला पटवायचं तर काही तरी दाखवायला हवं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसागणिक थोडी थोडी फ्रेम घेत तो कोंब उगवून वर येईपर्यंत चित्रण केलं. आज आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच. ते बघून पैसे देणारे तयार झाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

दादरच्या बंगल्यात शूटिंग सुरू झालं. सरस्वतीबाई दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडणं, धुणं, जोडणं. आजच्या भाषेत त्या एकाच वेळी प्रॉडक्शन मॅनेजर, लाइट असिस्टंट, लॅब टेक्निशियन आणि एडिटर होत्या. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. त्यांनाच लुगडं नेसवलं. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर, चार रिळांचा, ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’.

हा सिनेमा कुणाचा? १९१३ मध्ये या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. ब्रिटनचा १९११ चा कॉपीराइट कायदा नुकताच साम्राज्यभर लागू होत होता. हिंदुस्थानसाठीचं त्याचं रूप १९१४ मध्ये आलं. त्यात सिनेमा असा वेगळा खानाच नव्हता. पडद्यावरचं कथानक हे नाट्यकृती म्हणून बघायचं, आणि फिल्म ही ओळीने लावलेल्या फोटोंची मालिका म्हणून. आणि फोटोचा कर्ता कोण, तर ज्याच्या मालकीची मूळ निगेटिव्ह तो. कॅमेऱ्याचा दांडा कुणी फिरवला हा प्रश्नच नाही! ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळके फिल्म्स म्हणजे फाळकेच, त्यामुळे काही अडलं नाही. पुढे अडलं.

त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी दोन्ही नाशिकला हलवली. गोदावरी, घाट, देवळं, डोंगर, स्वच्छ ऊन. सेट लावायची गरजच नाही. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, पडद्यावर आल्या. मग ‘सत्यवान सावित्री’. १९१४ मध्ये फाळके तिन्ही सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथं कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याबद्दल विचारणाही झाली. ती त्यांनी नाकारली. परत आले तोवर महायुद्ध पेटलं होतं, फिल्म महाग झाली होती, पैसे लावणारे मागे सरले होते. तीनेक वर्षं ओढाताणीत गेली. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ने हात दिला. त्यात अण्णा साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. खेळाला एवढी गर्दी की जमलेली चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात.

आणि त्याच १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःचाच ‘हरिश्चंद्र’ पुन्हा चित्रित केला. पहिल्याची प्रत एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना जळाली, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, तेव्हाची नायट्रेट फिल्म पेट घ्यायला टपलेलीच असायची. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी पहिली आणि शेवटची अशी दोन रिळं आहेत, ती १९१३ ची नसून या दुसऱ्या खेपेची असावीत असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे यूट्यूबवर ‘भारताचा पहिला सिनेमा’ म्हणून तुम्ही जो बघता, तो बहुधा त्याचा रिमेक आहे.

आता १९१८. माझ्या मते फाळक्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं साल १९१३ नाही, हे आहे. ‘लंका दहन’च्या यशानंतर भांडवलदार दारात उभे राहिले. नाशिकमध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पाच भागीदार पैसे घालणारे. व्यवस्थापन वामन श्रीधर आपटे यांच्याकडे. फाळके काम करणारे भागीदार. फाळके फिल्म्स या नव्या कंपनीत विसर्जित झाली. इथून पुढे निगेटिव्ह कंपनीची, स्टुडिओ कंपनीचा, सिनेमा कंपनीचा.

सुरुवात तर झकास झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’, दोन्हीत बाळकृष्ण म्हणून फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी. ती पोर पडद्यावर जे डोळे मिचकावते आणि खोड्या काढते ते आजही बघा, शंभर वर्षं मध्ये गेलीत असं वाटतच नाही. पण भागीदारांना हिशेब हवा होता, वेळापत्रक हवं होतं, खर्चाला लगाम हवा होता. फाळक्यांना सीन मनासारखा हवा होता. आपण लगेच फाळक्यांची बाजू घेतो. मीही घेतली होती. मग कॉलेजच्या शॉर्टफिल्मला प्रॉडक्शनचा हिशेब माझ्याकडे आला आणि आमच्या दिग्दर्शकाने एका सूर्यास्तासाठी तीन दिवस गाडी थांबवली, तेव्हा मला आपटेही थोडे समजले.

भांडण विकोपाला गेलं. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले. तिथं ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. जाताना सोबत काय नेता आलं? कला, आणि नाव. कंपनीत तयार झालेले सिनेमे नाशिकलाच राहिले. दोनेक वर्षांनी ते परतले, त्याच कंपनीत, पण आता पगारी निर्मितीप्रमुख म्हणून. जो धंदा त्यांनी या देशात आणला, त्यात ते नोकरदार झाले.

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर यात बेकायदा काहीच नव्हतं. आणि आज चित्र बदललंय असंही नाही, उलट पक्कं झालंय. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात सिनेमा ही स्वतंत्र कृती मानली गेली. तिचा ‘कर्ता’ कोण, तर निर्माता. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. दिग्दर्शक नाही, लेखक नाही, कॅमेरामन तर नाहीच. २०१० मध्ये मुख्य दिग्दर्शकालाही निर्मात्याबरोबर सहकर्ता मानावं असा प्रस्ताव विधेयकात होता. २०१२ मध्ये कायदा बदलला तेव्हा तो गाळला गेला. गीतकार-संगीतकारांना मात्र त्या बदलाने रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो सोडतो म्हणून लिहून दिलं तरी सुटत नाही.

मग तुमच्या शॉर्टफिल्मचं काय? पाच मित्र मिळून फिल्म करता. एकाचा कॅमेरा, एकाची गोष्ट, एकीचे बाबा पंधरा हजार देतात, एडिटिंग कुणाच्या तरी रूमवर. ती गाजली, कुणी विकत घेतो म्हणालं, की पहिलं वाक्य येतं, ‘कॅमेरा माझा होता.’ कॅमेरा ज्याचा त्याचा सिनेमा असं काही नसतं. निर्माता कोण हे आधी कागदावर लिहा. कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फिल्म करून घेतली आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. आणि हक्क कुणाला द्यायचाच असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. त्या कागदात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठे ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच मोठ्या लोकांच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आवर्जून घातलेले असतात. एका स्पर्धेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आम्ही अशाच ओळीवर न वाचता टिक केली होती. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, ती फिल्म मात्र त्यांची झाली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

सरस्वतीबाईंचं काय? त्यांना १९१३ च्या कायद्यात जागा नव्हती, आजच्याही नाही. स्वयंपाकाला, चादर धरण्याला, रात्रभर फिल्म जोडण्याला कॉपीराइट नाही. अभिनय करणाऱ्यांना ‘परफॉर्मर’ म्हणून काही हक्क मिळाले तेसुद्धा १९९४ मध्ये. अण्णा साळुंक्यांच्या हयातीत तसलं काही नव्हतं, त्यांना पगार होता. तेव्हा निदान श्रेयनामावलीत तरी नावं टाकत जा. स्वयंपाक करणाऱ्याचंही.

फाळक्यांचा शेवटचा टप्पा मी भराभर सांगतो, कारण वाचतानाही त्रास होतो. पुन्हा कंपनी सोडली, नवी काढली. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार होत होता तोवर १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलला. मग ‘सेतुबंधन’वर नंतर आवाज चढवावा लागला. हिंदुस्थान कंपनीही गुंडाळली गेली. १९३७ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘कोल्हापूर सिनेटोन’साठी ‘गंगावतरण’ केला. त्यांचा पहिला आणि अखेरचा बोलपट. १९३९ मध्ये सिनेसृष्टीने पंचवीस वर्षांचा सोहळा केला तेव्हा ज्याच्यामुळे तो सोहळा होता, त्याच्यासाठी मदतीचे पैसे जमवायची वेळ आली होती. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. ९५ चित्रपट आणि २७ लघुपट असा त्यांच्या कामाचा आकडा सगळीकडे दिला जातो. त्यातल्या एकाचीही रॉयल्टी म्हणून दर महिन्याला काही येत होतं, असं कुठल्याही चरित्रात मला सापडलं नाही. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

त्या ९५ पैकी आज उरलेत मोजके, आणि तेही बरेचसे तुकड्यांत. पुण्याचं संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तिथले पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून रिळं मिळवली, जोडली, म्हणून आपण ‘कालिया मर्दन’ बघू शकतो. बाकीचं जळालं, कुजलं, नाही तर फिल्मवरच्या चांदीसाठी वितळवलं गेलं. आता त्यांच्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही, पण बघायला सिनेमाच नाही!

तर कॉपीराइट संपतो कधी? सिनेमाचा, प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांनी. आधी ५० होती, रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा दहा वर्षं वाढवली. ‘कालिया मर्दन’ १९१९ चा, म्हणजे आजचा नियम लावला तरी १९७९ अखेर मोकळा. संग्रहालयाकडून चांगली प्रत हवी तर त्यांचे नियम आणि शुल्क लागेल, पण तो प्रतीचा ताबा झाला, कॉपीराइट नव्हे.

मात्र इथे एक मेख आहे. बोलपटात सिनेमा वेगळा आणि आतलं गाणं वेगळं. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, त्याची ६० वर्षं १९९६ लाच संपली. पण त्यातलं एक गाणं, जे निम्मा महाराष्ट्र तुकोबांचा अभंग समजून गातो, ते शांताराम आठवले यांनी लिहिलंय. आठवले १९७५ मध्ये गेले. गीताचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत. तुकोबांचे अभंग मोकळे, आठवल्यांचे शब्द नाहीत.

आणि ज्याची मुदत संपलेली नाही असा सिनेमा वापरायचाच असेल तर? आपल्या कायद्याचं कलम ५२ काही वाटा ठेवतं. खासगी अभ्यास, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. ‘सैराट’च्या एका सीनची चिरफाड करायला तो सीन लागेल तेवढा दाखवा, वर तुमचं म्हणणं मांडा, सिनेमाचं नाव द्या. हे चालू शकतं. तोच सीन नुसता कापून वर ‘फीलिंग’ लिहून टाकलात तर ती समीक्षा होत नाही. तीस सेकंदांचा, दहा सेकंदांचा असा काही नियम कायद्यात नाहीच. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ सिनेमाच्या कमाईवर त्याचा घाला पडतो का, हे बघितलं जातं. कॉलेजात विद्यार्थी, प्राध्यापक, पालक एवढ्यांनाच संस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवायलाही सूट आहे. गेटवर तिकीट लावून बाहेरच्यांना आत घेतलंत की ती सूट गेली. आणि ‘क्रेडिट टू ओनर’ ही परवानगी नव्हे. उलट मालक दुसरा कुणी आहे हे तुम्हाला माहीत होतं, याची ती तुम्हीच दिलेली कबुली आहे.

आता आमचा क्लेम. मी दाद मागायला बसलो तेव्हा नोटीस पहिल्यांदा नीट वाचली. दावा ‘कालिया मर्दन’च्या चित्रावर नव्हताच. आम्ही तो तुकडा ज्या चॅनलवरून उतरवला होता, तिथं कुणी तरी अलीकडेच त्या मूकपटाखाली बासरी आणि तबल्याचं नवं संगीत घातलं होतं. कृष्ण सगळ्यांचा, सिनेमा १९१९ चा, बासरी मात्र आजची. आणि ती ज्याने वाजवली आणि ध्वनिमुद्रित केली, त्याचा हक्क खराच होता.

आम्ही तेवढ्या भागाचा आवाज काढून व्हिडिओ पुन्हा टाकला. क्लेम गेला. खाली पहिली कॉमेंट आमच्याच वर्गातल्या एकाची आली: मधे पंचवीस सेकंद आवाज का येत नाही, माइक बिघडलाय का?